ओंडका विकावा की पापुद्रा?

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी ब्रह्मदेशच्या राजाची गोष्ट सांगतो. ती मुळात लाकडाची गोष्ट आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला राजाने सागाच्या ओंडक्यांवरून दंड ठोठावला. ते निमित्त करून १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले. ओंडके पुढेही शतकभर बाहेर जातच राहिले.

माझे वडील सुतारकाम करतात. लहानपणी मी पाहिलेल्या प्लायवुडचा वरचा थर तांबूस असे, तो ब्रह्मदेशातील गर्जनाचा. आता येतो तो फिकट गुलाबी, आफ्रिकेतील गॅबन देशाच्या ओकुमे वृक्षाचा. आतले थर आपल्याच निलगिरीचे किंवा पॉपलरचे. चेहरा तेवढा परदेशी! हा रंग का बदलला, हे शोधू लागलो तेव्हा अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेला कच्च्या-पक्क्या मालाचा धडा मला खऱ्या अर्थाने कळला.

हा थर म्हणजे विनिअर. ओंडका उकळून किंवा वाफवून मऊ करतात, लेथवर फिरवतात आणि लांब पात्याने पेन्सिल टोकावी तसा सोलतात. एक घनमीटर लाकूड अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीने सोलले, तर हिशेबाने २,००० चौरस मीटर पापुद्रा होतो. वाया जाणारे लाकूड वजा केले तरी, ओंडका तसाच विकणारा देश किती रोजगार बाहेर धाडतो हे ध्यानात येईल.

गॅबनने २०१० मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, ब्रह्मदेशाने (आजच्या म्यानमारने) १ एप्रिल २०१४ रोजी. दोन्हीकडे आपले भारतीय कारखानदार पापुद्रे सोलायला तेथेच जाऊन बसले. बंदी सारखीच, फळ मात्र वेगळे. गॅबनने त्याच वर्षी लिब्रव्हिलजवळ एन्कोक येथे करसवलतींचे औद्योगिक क्षेत्र उभारण्यास घेतले. ओकुमे हलका, मऊ, सोलायला सोपा. देशाचा बहुतेक भाग जंगलाने व्यापलेला आणि लोकसंख्या जेमतेम २५ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहराहूनही कमी. आज आफ्रिकेतील विनिअर निर्यातीत तो आघाडीवर आहे.

ब्रह्मदेशाला जाग आली तेव्हा जंगल विरळ झाले होते. २०१० ते २०१५ या काळात वनक्षेत्र गमावण्यात हा देश ब्राझील आणि इंडोनेशिया यांच्या पाठोपाठ जगात तिसरा होता. २०१६ मध्ये सरकारला वर्षभर तोडच थांबवावी लागली. मग गिरण्यांनी सोलायचे काय? २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिकेने व युरोपने निर्बंध लादले.

गॅबनचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. २०१९ साली तेथील बंदरातून तोडीस बंदी असलेल्या केवाझिंगो लाकडाचे तीनशेहून अधिक कंटेनर नाहीसे झाले आणि वनमंत्र्यांना पद सोडावे लागले. शिवाय पापुद्रा हा अर्धाच पक्का माल; तो चिकटवून फळी करण्याचा नफा अजून आपल्याकडे राहतो.

गेल्या दिवाळीत वडिलांनी आणलेल्या प्लायचा चेहरा तांबूस निघाला. "गर्जन आलं की काय रे परत?" म्हणत त्यांनी ओले फडके फिरवले. फडके लाल झाले. खाली ओकुमेच होता, रंगवलेला.