दोर धरणाऱ्याची मजुरी

मृगाच्या तोंडावर झाडे छाटणाऱ्यांना उसंत नसते. कौलांवर ओणवलेली आंब्याची फांदी, विजेच्या तारांत शिरलेला गुलमोहर, एका अंगाला कललेला जुना माड यांची आठवण घरमालकांना ढगांची पहिली गडगड ऐकू आली की होते. तुम्ही बोलावण्यावरून जाता, झाड पाहता, आकडा सांगता, आणि यजमान हसून म्हणतात, "अहो, दोन तासांचं तर काम! निम्म्यात करा."

हे वाक्य ऐकून रागावू नये, तसेच घाबरून लगेच आकडाही उतरवू नये. घासाघीस ही आपल्याकडील जुनी रीत आहे. भाजीबाजारात दोन शब्द बोलल्यावाचून जो मेथीची जुडी घेत नाही, तो तुमच्याशीच अबोल कसा राहील? त्याला तुमचा अपमान करावयाचा नसतो. त्याला दोन तास दिसतात, त्यामागचे काम दिसत नाही. ते दाखवून देणे तुमच्याकडे आहे.

अर्धा मीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका साधारणपणे दीडशे ते दोनशे किलो भरतो. मोकळ्या माळावर तो खुशाल खाली टाकता येईल. खाली कौले असतील तर मात्र तो दोराने बांधून, दोराला बुंध्याभोवती वेढे देऊन, सावकाश सोडावा लागतो. त्यासाठी वर कापणारा एक आणि खाली दोर धरणारा निदान एक असे दोघे हवेत. शिवाय मुलाबाळांना व वाटसरूंना दूर ठेवणारे कोणी तरी हवेच. वरचा माणूस सर्वांच्या नजरेत भरतो. खालचा नुसता उभा आहे असे वाटते. म्हणूनच भाव पाडला की पहिली कात्री त्याच्या मजुरीला लागते, आणि त्याच्या नसण्यानेच कोणाचे छप्पर, तर कोणाचा जीव जातो.

तेव्हा दूरध्वनीवरून दर सांगू नका. यजमानांना बरोबर घेऊन झाडाभोवती एक फेरी मारा. कोठे पोकळी आहे, कोणती फांदी कोठे पडेल, तारा किती जवळ आहेत, हे बोटाने दाखवा. मग एका कागदावर बाबी वेगवेगळ्या लिहा: छाटणी, दोराने उतरवणे, ओंडके करणे, पाला व फांद्या वाहून नेणे. वीजपुरवठा बंद करून घेणे आणि परवानगी काढणे कोणाकडे, हेही त्यात नमूद करा. महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ चा आणि दिल्लीत १९९४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडल्यास दंड भरावा लागतो. ज्याला एकच मोठा आकडा ऐकून धक्का बसला होता, तो हा कागद पाहून बहुधा विचारात पडतो.

तरीही रक्कम कमी करा असा आग्रह झाला, तर एक नियम पाळा: पैसे कमी करावयाचे तर काम कमी करावे, सुरक्षितता नव्हे. "लाकूड तुमच्याच अंगणात राहू द्या, वाहतुकीचे पैसे वजा करतो," असे म्हणता येईल. लाकडाला वखारीत किंमत येत असेल तर तिचा हिशेब उघडपणे मांडा. शेजारच्या दोन घरांची झाडे त्याच दिवशी मिळाली, तर दोर आणि माणसे एकदाच आणावी लागतात. तो लाभ तिघांना वाटून द्या. कारण न देता केलेली सूट मात्र अंगलट येते. पहिला आकडा फुगवलेला होता, असाच तिचा अर्थ घेतला जातो.

"दुसरा याहून स्वस्तात करतो," असे कोणी म्हटले, तर त्या दुसऱ्याची निंदा करू नका. "त्याच्या दरात दोर, माणसे आणि सफाई धरली आहे का, एवढे विचारून पाहा," असे शांतपणे सांगा.

केरळात माडावर चढणारे मिळेनासे झाले, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुण-तरुणींना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला आणि त्याला अपघात विम्याची जोड दिली. जोखमीचे काम माणसांनी करावे असे वाटत असेल, तर जोखमीचा विचार त्याच्या मोबदल्यात असलाच पाहिजे. हाच हिशेब तुमच्या कागदावरही हवा.

एवढे करूनही एखादे गृहस्थ म्हणतील, "बरं, दोर नको. जरा सांभाळून करा म्हणजे झालं." येथे मात्र थांबावे. "काका, दोराशिवाय या झाडाला मी हात लावणार नाही. विचार बदलला तर निरोप पाठवा," एवढे बोलून नमस्कार करावा आणि निघावे. एक काम हातचे जाईल, त्या दिवसाची मिळकतही बुडेल. परंतु संध्याकाळी तुमच्याबरोबरची सर्व माणसे आपापल्या घरी पोचतील. कोणत्याही दरात कमी करता न येणारी बाब हीच होय.