जुन्या मोटारसायकलखालचा काळा डाग

सकाळी गाडी काढताना फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘जुनी गाडी आहे, गळणारच’ म्हणून सोडून देतात, नाही तर दुकानातून जाड ऑइल आणून इंजिनात ओततात. दोन्हींनी गळती थांबत नाही.

जालना जिल्ह्यात अंबड, मंठा, भोकरदन, घनसावंगीच्या रस्त्यांवर एमएच २१ क्रमांकाच्या कितीतरी जुन्या शंभर सीसी गाड्या आजही दुधाची किटली, खताची गोणी आणि डबलसीट माणसे वाहतात. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. शेजारच्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. फोर स्ट्रोक गाडी खेड्यापाड्यांत रुजली ती याच काळात. या गाड्यांत ऑइल असते जेमतेम लिटरभर, आणि तेच एक ऑइल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांचे काम करते. शिवाय यांतल्या बहुतेक गाड्यांना कारसारखा ऑइलचा लाल दिवा नसतो. पातळी घटल्याचे कळते ते इंजिन खडखडल्यावर किंवा जाम झाल्यावरच.

साधा हिशेब करू. ऑइलचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. गाडी रोज तीन तास चालते आणि मिनिटाला एक थेंब गळतो असे धरले, तर दिवसाला नऊ आणि महिन्याला २७० मिलिलिटर ऑइल जाते. नऊशे मिलिलिटरपैकी हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला.

डाग एकीकडे, गळती दुसरीकडे

धाब्याचे घर गळते तेव्हा पाणी पडते एका कोपऱ्यात आणि छिद्र असते भलतीकडेच. इंजिनाचेही तसेच आहे. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकते. म्हणून डाग पाहून नव्हे, तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा पाहून गळती शोधायची.

आधी इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने बाहेरून स्वच्छ करावे. ते पूर्ण पुसून, वाळवून मगच गाडी सुरू करावी. मग संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि आठ-दहा किलोमीटर फेरी मारावी. पावडर जिथे आधी काळी पडेल, तिथे गळतीचे मूळ. धुण्यापूर्वीही एक खूण मिळते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ जिथे थर धरून चिकटली आहे, तिथे ऑइल बऱ्याच दिवसांपासून पाझरते आहे. हा थर सिलिंडरच्या पंखांवर बसला, तर हवेवर थंड होणारे इंजिन आणखी तापते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या भागात हे परवडणारे नाही.

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. वर टॅपेटच्या झाकणाची रबरी रिंग; सिलिंडरच्या वर आणि खाली असलेले पॅकिंग; उजव्या बाजूला क्लच कव्हरचे पॅकिंग आणि किकच्या दांड्याचे ऑइल सील; डाव्या बाजूला मॅग्नेट कव्हर, गिअरच्या दांड्याचे सील आणि पुढच्या चेन चक्रामागचे सील; तळाला ऑइल सोडायचा नट. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होते, त्याची धार झिजते. पॅकिंग दबून पातळ होते. नटाखालचे वायसर वारंवार तेच वापरले, तर नीट बसत नाही. नट जोरात आवळणे हा त्यावर उपाय नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले, की वीस रुपयांच्या कामाचे मोठे काम होते.

चेन चक्रामागच्या सीलकडे विशेष लक्ष द्यावे. तिथले ऑइल चेनवरून उडून मागच्या टायरवर जाते. पावसाच्या पहिल्या सरीत वळणावर गाडी घसरायला तेवढे पुरते. टायर ओला दिसला, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

दोन कारणे मात्र सीलची नसतात. ‘थोडे जास्त असू द्या’ म्हणून ऑइल जादा भरले, किंवा इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी ब्रीदर नळी तुंबली, तर आत दाब वाढतो आणि चांगले सीलही गळू लागते. नवे सील टाकण्याआधी या दोन गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत.

डाग नाही, तरी ऑइल कमी होते? मग ते आत जळते आहे. रात्रभर उभी गाडी सुरू करताना क्षणभर निळसर धूर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. पळताना सतत येत असेल, तर रिंगा आणि सिलिंडरवर. टू स्ट्रोक गाड्यांना हा नियम लागू नाही, कारण त्यांत ऑइल पेट्रोलबरोबर जळायचेच असते.

डब्यावर काय वाचायचे?

‘१०डब्ल्यू-३०’ यातील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंड ऑइल किती सहज वाहते ते सांगतो; दुसरा शंभर अंश सेल्सिअसला त्याचा जाडपणा. थंडीत १०डब्ल्यू हे २०डब्ल्यूपेक्षा लवकर वर पोहोचते. गरम इंजिनात ५० हे ३० पेक्षा दाट राहते.

आपल्या गाडीला कोणते? कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले. हिरो होंडाच्या अनेक गाड्यांना १०डब्ल्यू-३०, तर बजाजच्या अनेकांना २०डब्ल्यू-५० सांगितलेले असते. इंजिन झिजले असेल, तर मेकॅनिकच्या सल्ल्याने एक पायरी दाट ऑइल चालते. त्याने ऑइल जळणे थोडे कमी होऊ शकते. पण फाटलेले सील दाट ऑइलने शिवले जात नाही. ‘गळती बंद’ करणारी औषधे रबर फुगवतात, त्यांचा गुण तात्पुरता.

त्याहून महत्त्वाची अक्षरे म्हणजे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’. आपल्या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने असतात; त्यांनी क्लच घसरतो, इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही. ट्रॅक्टरसाठी आणलेले उरलेले ऑइलही, डब्यावर ही अक्षरे नसतील तर, मोटारसायकलमध्ये ओतू नये. ‘एमबी’ लिहिलेले ऑइल स्कूटरसाठी.

पातळी पाहताना इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे आणि गाडी सपाट जागी मेन स्टँडवर असावी. हिरो होंडा पद्धतीच्या गाड्यांत काडी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवल्यास ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ऑइल काळे झाले म्हणजे खराबच झाले असे नाही, काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. बदलायचे ते पुस्तिकेतल्या किलोमीटरवर.

जळके ऑइल आणि आपले हात

जळक्या ऑइलमध्ये पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन ही घातक संयुगे साठतात. एखाद्या वेळी हाताला लागल्याने बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे रोज त्वचेवर राहिले, तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गॅरेजमधल्या पोरांनी म्हणूनच रबरी हातमोजे घालावेत, तेलकट चिंधी पँटच्या खिशात ठेवू नये आणि हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत. पेट्रोलने त्वचेचा तेलकटपणा जातो, भेगा पडतात आणि घाण आत शिरायला वाट मिळते.

हेच ऑइल वाळवीसाठी लाकडाला फासले जाते किंवा गॅरेजमागच्या खड्ड्यात ओतले जाते. आपल्याकडे पिण्याचे पाणी बऱ्याच गावांत विहिरी-बोअरचे, आणि खालच्या काळ्या पाषाणातले पाणी भेगांमधूनच वाहते. वापरलेले ऑइल केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्यावे. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा टाकण्याआधी त्याला छिद्र पाडावे, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा कुणाच्या हाती जाणार नाही.