गाठ निघाली, पण पापणी मिटत नाही

मेंदूच्या तळाची गाठ काढल्यावर घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. गाठ पूर्ण निघाली ना? कॅन्सर तर नाही? तोंड वाकडं झालंय ते सरळ होईल ना? या काळजीत एक गोष्ट सर्रास मागे पडते: त्या बाजूचा डोळा मिटत नाहीये. वाकडं तोंड सुधारायला काही महिने लागले तरी चालतं, पण उघडा राहिलेला डोळा काही दिवसांतच बिघडू शकतो.

अकूस्टिक न्यूरोमाचंच घ्या. ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या नसेवर ही गाठ उगवते. ती कॅन्सरची नसते आणि बहुधा हळूहळू वाढते. पण चेहरा हलवणारी सातवी नस हाडातल्या त्याच अरुंद बोगद्यातून जाते आणि मोठ्या गाठीवर ती अक्षरशः ताणून पसरलेली असते. सर्जन मायक्रोस्कोपखाली ती सोडवून घेतात. ती शाबूत राहिली तरी ताणामुळे बरेच दिवस काम करेनाशी होऊ शकते. हॉलिवूड अभिनेता मार्क रफालो याची अशीच गाठ काढली तेव्हा त्याचा अर्धा चेहरा कित्येक महिने लुळा होता. चेहरा सावरला, डाव्या कानानं ऐकू येणं मात्र कायमचं गेलं.

सातव्या नसेवर डोळ्याची दोन कामं असतात. पापणी ती मिटवते आणि अश्रू तयार करण्याचा हुकूमही तिच्याच सोबतच्या धाग्यातून जातो. म्हणजे ओलावा कमी पडतो आणि आहे तो पसरवणारी पापणीही थांबते. ‘डोळ्यातून तर सारखं पाणी गळतंय, कोरडा कसा असेल?’ असं रुग्ण विचारतात. खालची पापणी सैल पडल्यानं पाणी गालावर ओघळतं, वरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कोरडाच राहतो.

खरा घात होतो तो पाचवी नसही दुखावली तर. कॉर्नियाची संवेदना तिच्याकडे असते. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो, पण शरीरात इतक्या दाटीनं संवेदना असलेली जागा क्वचितच सापडेल. म्हणून तर धुळीचा कण गेला तरी आपण कळवळतो. ती संवेदना गेली की जखम होते, चिघळते, आणि रुग्ण सांगतो, ‘काही दुखत नाही, बरा आहे डोळा.’ हे वाक्य ऐकून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये, उलट जास्त सावध व्हावं. नेत्रतज्ज्ञ कापसाच्या टोकानं संवेदना तपासतात, पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तिथे हिरवं चमकतं. उशीर झाला तर डोळ्यात फूल पडतं, क्वचित कॉर्नियाला भोकही पडतं.

घरी करायचं काम छोटं आहे, पण ते नीट झालं पाहिजे. दिवसा अश्रूंसारखे थेंब ठरलेल्या वेळी. वारंवार घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. रात्री खालची पापणी ओढून आत मलम, मग वरची पापणी बोटानं पूर्ण मिटवून त्यावर सर्जिकल टेप. इथेच चूक होते. पापणी अर्धवट उघडी असताना वर गॉज ठेवला तर तो रात्रभर कॉर्नियावर घासतो आणि संरक्षणासाठी केलेली पट्टीच जखम करते. टेप लावल्यावर टॉर्चनं बघा: पांढरी फट दिसली तर काढून पुन्हा लावा. पंख्याचा झोत तोंडावर नको, दुचाकीवर बंद चष्म्याशिवाय नको. मध, गुलाबपाणी, तूप डोळ्यात घालू नका. मेडिकलमधून मनानं आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात नकोत.

चेहऱ्याच्या लुळेपणाची 1985पासून रूढ असलेली हाउस-ब्रॅकमन मोजपट्टी सहा पायऱ्यांची आहे. तिसऱ्या पायरीवर जोर लावून का होईना, डोळा मिटतो. चौथीवर मिटत नाही. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे वाट पाहणं महिन्यांचं असतं. तोवर वरच्या पापणीत साधारण ग्रॅमभर सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं वजन बसवता येतं, त्याच्या भारानं डोळा मिटतो. नस सुधारली तर ते काढताही येतं. संवेदनाच गेली असेल तर पापण्यांच्या कडा काही भागात शिवून घेतात. चेहऱ्याला हे शोभत नाही म्हणून अनेकजण टाळाटाळ करतात, पण दृष्टी वाचवणारा हा साधा, जुना आणि खात्रीचा उपाय आहे. कपाळाची चांगली नस वळवून कॉर्नियापर्यंत नेण्याची शस्त्रक्रियाही आता होते, पण मोजक्या ठिकाणी.

सहावी नस दुखावली तर एकाचे दोन दिसतात. त्यासाठी आधी पट्टी किंवा प्रिझमचा चष्मा, आणि तिरळेपणाचं ऑपरेशन काही महिने थांबूनच.

अशा ऑपरेशननंतर घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीची तारीख आहे का, ते बघा. नसेल तर मागून घ्या. आणि डोळा लाल झाला, धूसर दिसू लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.