माथेरानमधील पर्यटन

माथेरान हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले थंड हवेचे ठिकाण आहे. मुंबईपासून ते सुमारे ९० किलोमीटर, तर पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर आहे. रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक सेवेचा अपवाद वगळता येथे मोटारगाड्यांना प्रवेश नाही. त्यामुळे माथेरानमध्ये काय पाहावे हा प्रश्न तेथे किती चालता येईल या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. केंद्र सरकारने २००३ साली माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला.

नाव व इतिहास

माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या नावाची उपपत्ती सर्वसाधारणपणे सांगितली जाते. डोंगराच्या उतारांवर आणि पायथ्याशी ठाकर, कातकरी व धनगर समाजांची वस्ती पूर्वापार आहे. त्यामुळे इंग्रजांनी माथेरान ‘शोधले’ असे जे लिहिले जाते, ते मर्यादित अर्थानेच घ्यावे लागते. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे मे १८५०मध्ये पायथ्याच्या चौक गावाकडून डोंगरावर चढून गेले. त्यानंतर त्यांनी तेथे घर बांधले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात या वसाहतीला गती मिळाली. पॉइंटांना आणि तलावाला असलेली इंग्रजी नावे याच काळाची खूण आहेत.

स्वातंत्र्यसैनिक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये झाला. १९४२च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने विजेचे मनोरे पाडून मुंबई परिसराचा वीजपुरवठा तोडण्याची मोहीम चालवली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात त्यांना हौतात्म्य आले. केवळ पॉइंट पाहून परतणाऱ्या पर्यटकांच्या नजरेतून गावाचा हा इतिहास बहुधा निसटतो.

पोहोचण्याचे मार्ग

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील नेरळ हे सर्वांत सोयीचे स्थानक आहे. नेरळहून टॅक्सीने किंवा स्वतःच्या वाहनाने घाट चढून दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते. तेथे वाहनतळ असून तेथेच मोटारीचा रस्ता संपतो. दस्तुरीपासून मुख्य बाजारपेठ सुमारे अडीच ते तीन किलोमीटरवर आहे. हे अंतर पायी किंवा घोड्यावरून कापता येते. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानपर्यंत रेल्वेची शटल सेवाही चालते. सामान डोक्यावरून वाहून नेणारे हमाल येथे मिळतात.

नाक्यावर उतरलेल्या नवख्या पर्यटकाला शटल बंद आहे किंवा गाव फार दूर आहे असे सांगून महागडी सेवा घ्यायला लावले जाते, अशी तक्रार अनेक वर्षांची आहे. या फसवणुकीविरोधात मार्च २०२५मध्ये खुद्द माथेरानकरांनीच बंद पुकारला होता. शटलच्या वेळा स्थानकावर स्वतः पाहून घेणे आणि दर आधी ठरवणे श्रेयस्कर ठरते.

मिनी ट्रेन

नेरळ–माथेरान रेल्वे हे स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल पुरवले आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग उभा केला. त्याला सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. रुळांमधील अंतर दोन फूट आहे. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गावर नेरळनंतर जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान ही स्थानके येतात. डोंगराचा चढ लहान लहान तीव्र वळणे घेत गाठला जातो. काही ठिकाणी चढ वीस फुटांना एक फूट इतका खडा आहे. संपूर्ण मार्गावर एकच बोगदा आहे आणि तोही इतका आखूड, की त्याला ‘वन किस टनेल’ हे गमतीदार नाव पडले.

गाडीचा वेग कमी असल्यामुळे प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. घाई असलेल्याने टॅक्सी घ्यावी. दरी, धबधब्यांच्या वाटा आणि खाली लहान होत जाणारे नेरळ पाहायचे असेल, तर मात्र या गाडीला पर्याय नाही. २००५च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला आणि सेवा २००७मध्ये पूर्ववत झाली. २०१९च्या पावसात पुन्हा मोठी हानी झाली, तेव्हा नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवला जातो आणि वरची शटल शक्यतो चालू राहते.

प्रेक्षणीय स्थळे

कड्यांवरील निरीक्षणस्थळांना येथे ‘पॉइंट’ म्हणतात आणि त्यांची संख्या सामान्यतः ३८ सांगितली जाते. सर्व पॉइंट एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न फारसा फलदायी होत नाही, कारण शेजारशेजारच्या अनेक पॉइंटांवरून तेच खोरे थोड्याफार फरकाने दिसते. दिशा आणि वेळ पाहून मोजके पॉइंट निवडणे अधिक उपयुक्त ठरते.

सूर्योदयासाठी उत्तर टोकावरचा पॅनोरमा पॉइंट प्रसिद्ध आहे. बाजारपेठेपासून तो दूर असल्याने पहाटे अंधारातच निघावे लागते. पूर्वेकडील गार्बट पॉइंटही सूर्योदयासाठी चांगला आहे. तिकडे गर्दी कमी असते आणि पायथ्याकडून चढून येणारे गिर्यारोहक ही वाट पसंत करतात. सूर्यास्त पाहण्यासाठी पश्चिमेकडील पॉर्क्युपाइन पॉइंटवर गर्दी होते. समोर प्रबळगडाचा प्रचंड डोंगर आडवा पसरलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर रात्री हार्ट पॉइंटवरून मुंबईच्या बाजूचे दिवे दिसतात. परतीच्या वाटेवर मात्र उजेड नसतो, म्हणून विजेरी जवळ असावी.

शार्लट तलाव हा गावाच्या पाणीपुरवठ्याचा स्रोत आहे, त्यामुळे त्यात उतरण्यास मनाई आहे. काठावर पिसरनाथाचे मंदिर आहे. तलावापासून एको, लॉर्ड आणि लुईझा हे पॉइंट जवळ असल्याने अर्ध्या दिवसाच्या पदभ्रमणासाठी हा भाग सर्वांत सोयीचा आहे. दक्षिणेकडील वन ट्री हिल हा मुख्य कड्यापासून सुटलेला सुळक्यासारखा भाग आहे. त्याच्याजवळून खाली उतरणारी वाट ‘शिवाजी लॅडर’ या नावाने ओळखली जाते. ती वाट माहीतगाराशिवाय उतरू नये.

हातरिक्षा, ई-रिक्षा व घोडे

मोटारींना बंदी असली तरी वृद्ध, अपंग व शाळकरी मुले यांच्या येण्याजाण्याचा भार कोणीतरी उचलावाच लागतो. दीर्घकाळ तो माणसांनी ओढायच्या हातरिक्षांवर होता. चढावर एक जण पुढून ओढतो आणि इतर मागून ढकलतात, असे हे काम. डिसेंबर २०२२मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचे निर्देश दिले. दस्तुरीपासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्यास न्यायालयाने मुभा दिली, परंतु अंतर्गत रस्ते व पायवाटांवर ते बसवू नयेत असे बजावले. ई-रिक्षांमुळे उत्पन्न घटेल अशी भीती घोडेवाल्यांना वाटते, कारण पर्यटकांना पॉइंट दाखवणे हाच त्यांच्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ आहे.

हंगाम, मुक्काम व खरेदी

ऑक्टोबर ते मे हा मुख्य हंगाम असतो. एप्रिल–मे, दिवाळी आणि शनिवार–रविवार या दिवसांत खोल्यांचे दर बरेच वाढतात. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो व धबधबे वाहू लागतात. पण धुक्यामुळे पॉइंटवर उभे राहूनही दरी न दिसण्याची शक्यता असते आणि जांभ्या दगडाच्या वाटा निसरड्या होतात. अनेक कड्यांना कठडे नसल्याने टोकावर छायाचित्रे काढणे धोक्याचे आहे. कोरड्या ऋतूत लाल धूळ उडते, म्हणून पांढरे कपडे आणि नवे बूट टाळलेले बरे.

बाजारपेठेत चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला मिळतात. माकडे हातातील पिशव्या सर्रास हिसकावतात. चिक्कीचा पुडा उघडा नेल्यास तो खोलीपर्यंत पोहोचेलच असे नाही.