गोळी कठीण, म्हणजे चांगली?

अमेरिकेत रायफलसाठी घरीच शिशाच्या गोळ्या ओतणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत. (भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे.) या छंदातला सर्वांत खर्चिक गैरसमज म्हणजे मिश्रधातू जितका कठीण, तितकी गोळी चांगली.

ब्रिनेल मापनात शुद्ध शिशाचा कठीणपणा 5 च्या आसपास असतो, मोटारीच्या चाकांना लावायच्या जुन्या वजनांचा साधारण 12 आणि लायनोटाइपचा 22. लायनोटाइप म्हणजे 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी, 4 टक्के कथील. आपल्या जुन्या छापखान्यांतले खिळेही याच तीन धातूंचे असत. शिशाची छपाई संपली आणि हा धातू दुर्मीळ व महाग झाला. तरी लोक तो निव्वळ वापरतात, कारण नळीत शिसे चिकटले की धातू मऊ आहे असे ठरवून मोकळे होतात. बहुतेकदा दोष मापाचा असतो. गोळी नळीच्या खाचांपेक्षा जराशी बारीक असली, की तप्त वायू तिच्या कडेने निसटतो आणि कड वितळवत जातो. अतिकठीण गोळी कमी दाबाला फुगून ती फट बुजवत नाही. म्हणून आधी नळी मोजावी. मध्यम वेगाला चाकांच्या वजनांचा धातू पुरतो.

कथील घातले की गोळी कठीण होते, हेही अर्धसत्य. कठीणपणा मुख्यतः अँटिमनी देते. कथिलामुळे रस साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरतो आणि त्याला दोनेक टक्के पुरे. त्याहून जास्त घालणे म्हणजे पैसे वाया.

स्वस्ताईच्या मागे लागताना जस्त सांभाळा. चाकांची नवी वजने अनेकदा जस्ताची असतात. शिसे 327 अंशांना वितळते, जस्त 419 ला. आच बेताची ठेवली तर जस्ताची वजने रसावर तरंगतात आणि चिमट्याने काढता येतात. विरघळली, की तो रस साच्यात धड भरत नाही. गाडीच्या बॅटरीतले शिसे मात्र फुकट मिळाले तरी नको. त्यात आम्ल असते, शिवाय आर्सेनिक व अँटिमनीपासून अतिविषारी वायू तयार होऊ शकतात.

धूर दिसत नाही, म्हणजे विषबाधा नाही, असेही समजतात. शिसे उकळते सुमारे 1750 अंशांना, त्यामुळे ओतकामाच्या तापमानाला वाफ अगदी थोडी. खरा धोका मळीच्या धुळीचा: ती हातांवरून तोंडात जाते, कपड्यांवरून घरात येते. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी कोणतीच ठाऊक नाही. आपल्याकडे भंगारातल्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या घरीही हेच विष पोचते. शिसे हाताळणाऱ्याने स्वयंपाकघरापासून दूर काम करावे, कपडे वेगळे धुवावेत आणि रक्तातले शिसे नियमित तपासून घ्यावे.