चिलमीची माती

पहाटे 5

महाशिवरात्र तोंडावर आली की आमच्या घरी माठ मागे पडतात आणि चिलमी पुढे येतात. पचमढीच्या महादेवाला निघणारी मंडळी, गोसावी, यात्रेत दुकान मांडणारे, सगळ्यांची मागणी याच पंधरवड्यात येते. त्यामुळे आमच्या देवळी गावात अजून कोणाच्या घरी चूल पेटलेली नसते तेव्हा मी आणि बायको मातीत असतो. ओल्या पोत्याखाली झाकलेला ढीग उघडायचा, पायांनी तुडवायचा, मग हातांनी मळायचा. मळताना बोटाला खडा लागला की काढायचा. आमच्या भागातल्या मातीत चुनखडीचे बारीक गोटे असतात. रांजणाच्या जाड भिंतीत एखादा कण राहिला तरी निभावतं. चिलमीत तो कण भाजून निघतो, मग हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि चार दिवसांनी भिंतीचा टवका उडवतो. तेव्हा चिलीम गिऱ्हाइकाच्या हातात असते.

लोक विचारतात, चिलीम मातीची बरी की दगडाची की लाकडाची? माझ्यापुढे त्याच्याही आधीचा प्रश्न असतो, माती कोणती? इथली शेतं काळ्या मातीची. कापसाला ती उत्तम, पण चाकाला वैरी. पाणी पिऊन ती फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा पाहिल्या आहेत ना, नुसत्या काळ्या मातीच्या भांड्याचं तेच होतं. म्हणून यशोदा नदीचं पाणी ओसरलं की काठचा गाळ आणून ठेवतो. त्यात चाळलेली राख घालतो आणि थोडी लीदही. लिदीतला बारीक काडीकचरा आव्यात जळून जातो आणि भिंतीत डोळ्याला न दिसणारी छिद्रं राहतात. मातीच्या चिलमीचा सगळा गुण त्या छिद्रांत आहे.

सकाळी 7

चाक आता विजेचं आहे. आजोबा दांड्याने फिरवायचे, त्यांचा उजवा खांदा म्हातारपणी वर उचलत नव्हता. चाकावर मोठा गोळा ठेवायचा आणि त्याच्या शेंड्यावर एकामागून एक चिलमी काढत जायच्या. अंगठ्याने पोकळी करायची, काडीने ती खालपर्यंत न्यायची, बाहेरून दोन बोटांनी आवळत खालचा भाग निमुळता करायचा आणि दोऱ्याने कापून घ्यायची. जाडी मोजायला माझ्याकडे काही साधन नाही, आतला अंगठा आणि बाहेरचं बोट एकमेकांना सांगतात. भिंत पातळ राहिली तर निखाऱ्याचा चटका तळव्याला बसतो. जाड ठेवली तर तोंडाकडचा भाग आधी वाळतो, बुडाचा ओला राहतो आणि मध्येच चीर जाते. ही चीर ओल्यात केसाएवढी असते. माझी बायको प्रत्येक चिलीम उजेडाकडे धरून पाहते आणि तशी दिसली की पुन्हा गोळ्यात टाकते. कच्ची आहे तोवर माती वाया जात नाही.

सकाळी 10

सावलीत फळ्यांवर माल मांडून झाला. ऊन लागू द्यायचं नाही. एक गोसावीबाबा दर वर्षी येतात, ते आले. त्यांच्याकडे दगडाची चिलीम आहे, कोणी भक्ताने दिलेली.

“हे कधी फुटत नाही गा,” ते म्हणाले.

“मंग माह्याकडे काहून येता बाबा?”

“वढून समाधान होत नाही.”

मी ती हातात घेतली. संगजिऱ्याची, मऊ दगड कोरून केलेली, तुकतुकीत. या दगडाला आगीचं भय नाही, ही गोष्ट खरी. पण तो ओल पीत नाही. जळत्या तंबाखूतून निघणारा दमटपणा आत साचतो, चिलमीच्या आत ठेवलेला खडा ओला होतो आणि बुडाशी गुंडाळलेल्या छापीच्या फडक्यात काळं पाणी उतरतं. शिवाय दगड एकदा तापला की लवकर निवत नाही. पितळेची तर बोलायलाच नको, ती ओठच पोळते. माती उष्णता सावकाश पुढे पाठवते आणि ओल स्वतः पिऊन घेते. खूप वापरल्यावर छिद्रं बुजतात, तेव्हा चिलीम निखाऱ्यात टाकून लाल होऊ द्यावी. आतलं किटण जळून जातं आणि ती पुन्हा मोकळी होते. लाकडाला हे करता येत नाही.

वऱ्हाडातल्या घरोघरी चिलीम माहीत आहे ती शेगावच्या गजानन महाराजांमुळे. 1878 साली महाराज शेगावात प्रकटले आणि जानकीराम सोनाराने चिलमीला विस्तव नाकारल्याची कथा इथे पोराटोरांनाही पाठ असते. शिर्डीला साईबाबांच्या मातीच्या चिलमी जपून ठेवल्या आहेत. आमच्या जातीला याचं अप्रूप वाटतं आणि ते मी लपवत नाही.

दुपारी 1

जेवायला बसणार तोच दारात गाडी थांबली. वर्ध्याहून यवतमाळकडे निघालेले एक निवृत्त प्राध्यापक, इतिहास शिकवलेले. त्यांनी खिशातून वडिलांचा पाइप काढला. “याचं नुसतं तोंड मातीचं करून द्याल का?”

असलं लाकूड मी कधी हाताळलं नव्हतं. वजनाला हलकं आणि रेघा ज्वाळेसारख्या वर गेलेल्या. आत काजळीचा टणक थर आणि एका बाजूला तो थर निघून लाकूड कोळसलेलं, नखाने दाबलं तर दबेल इतकं. त्यांनी सांगितलं, हे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी एक झुडूप उगवतं, त्याच्या मुळावरची गाठ. ती उकळतात, महिनोन् महिने वाळवतात, मग कोरतात. गेल्याच्या मागच्या शतकात फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावाने यावर नाव कमावलं. तुर्कस्तानात एस्किशेहिरला पांढरा, हलका, सच्छिद्र दगड निघतो, मीरशॉम, तो ओढता ओढता पिवळा आणि पुढे तपकिरी होत जातो. अमेरिकेत मिसुरीत मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासून पाइप करतात. आणि युरोपातही आधी कैक वर्षं मातीचेच पाइप होते, पांढऱ्या मातीचे, लांब दांडीचे आणि पटकन मोडणारे.

जेवण निवलं, पण मी ऐकत राहिलो. दोन गोष्टी पक्क्या कळल्या. चांगलं लाकूडसुद्धा आतून काजळीचा थर धरेपर्यंत आगीला टिकत नाही, म्हणजे त्याला काजळीनेच वाचवायचं असतं. आणि मीरशॉमची कीर्ती ज्या गुणासाठी आहे, ती छिद्रं आम्ही राख आणि लीद घालून काठच्या गाळात करतो.

त्यांनी आणखी एक सांगितलं. अकबराचा दूत असदबेग 1604च्या सुमाराला विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू ठेवली. सोबतच्या पाइपाची वाटी सोन्याची आणि तोंडाशी लावायचा भाग येमेनी अकीक दगडाचा. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने अडवलं. पुढे 1617 साली जहांगीराने तंबाखूवर बंदीच घातली. सोन्याची वाटी निखाऱ्याला किती तापत असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून आहे.

पाइपाचं काम मी घेतलं नाही. लाकडाच्या दांडीत मातीचं तोंड बसवलं तर तापल्यावर दोन्ही वेगळ्या मापाने फुगतात आणि सांधा ढिला होतो. प्राध्यापकांनी ते लगेच मानलं.

दुपारी 4

दुकानदाराचा मुलगा माल पाहायला आला. त्याला रंगीत हव्यात, लाल-हिरव्या, चकचकीत ऑइल पेंटच्या. “भाऊ, गिऱ्हाईक तेच मांगते.” मी फक्त गेरूचा हात देतो. गेरू माती आहे, आव्यात भिंतीशी एकजीव होतो. ऑइल पेंट भाजल्यावर वरून लावतात, मग ओढताना तो तापतो आणि त्याचा धूर तंबाखूच्या धुराबरोबर छातीत जातो. या एका गोष्टीवर माझी त्याच्याशी दर वर्षी ताणाताणी होते. यंदाही झाली. तो निम्माच माल ठरवून गेला.

संध्याकाळी 6

आवा रचला. खाली गोवऱ्या, त्यावर वाळलेल्या चिलमी माठांच्या पोटात भरून, भोवती पऱ्हाट्या आणि तुराट्या, वर गवत आणि चिखलाचा लेप. कापसाच्या गावात पऱ्हाटीला तोटा नसतो. धग आधी मंद ठेवायची, नाहीतर आतली उरलीसुरली ओल वाफ होऊन चिलीम फोडते. हवा मोकळी मिळाली की मातीतलं लोह लाल होतं, कोंडली की माल काळा निघतो. दोन्ही सारखेच टिकतात.

घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. चिलीम नखाने वाजवून पाहा, खणखणीत आवाज आला तर ती पुरती भाजली आहे. कोरडी जिभेला टेकवा, जीभ चिकटली तर भिंत ओल पिईल. रंगाचा थर असेल तर परत ठेवा. आणि तंबाखूची सवय नसेल तर चिलीम घेऊच नका. मातीने ओठ वाचतात, फुप्फुसं वाचत नाहीत. गांजासाठी मागणाऱ्याला आणि अठराच्या आतल्या पोराला माझ्याकडे चिलीम मिळत नाही.