बैल तोच, मग फोटो धूसर का?

बालमित्रांनो, मार्गशीर्षात जतला यल्लमादेवीची यात्रा भरते. जनावरांचा बाजारही भरतो. समजा, तिथे तुम्ही एका ऐटबाज खिलार बैलाचा फोटो काढलात. मोबाइलवर झकास दिसला! पण भिंतीवर लावायला मोठा छापून आणला, तर शिंगं धूसर आणि अंगावर चौकोनच चौकोन! असं का बरं झालं?

डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. तो होता अवघ्या १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपक्यांचा. आज मोबाइलच्या ४००० गुणिले ३००० ठिपक्यांच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात!

आता गणित करू या. जवळून पाहायच्या सुबक छपाईला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात. म्हणजे ४००० ठिपके १३ इंचांना पुरतात. पण मेसेजमधून फोटो पाठवताना तो बहुधा लहान केला जातो. समजा, रुंदीत १६००च ठिपके उरले. ते ३६ इंचांवर पसरले, तर इंचाला आले जेमतेम ४४! संगणकावर फोटो ताणला, तरी मुळात नसलेला बारकावा कुठून येणार?

दुसरी गोष्ट, फोटो साठवायची रूपं. १९९२ साली ठरलेलं जेपेग हे रूप फार काटकसरी. डोळ्यांना चटकन न जाणवणारे बारकावे ते गाळून टाकतं, म्हणून फाइल छोटी होते. पण गाळलेलं परत येत नाही. नुसता फोटो पाहिला तर काही बिघडत नाही. मात्र बदल करून पुन्हा पुन्हा जेपेगमध्ये साठवला, की दर खेपेला थोडं गळतं. पीएनजी असं काही गाळत नाही, टिफही सहसा गाळत नाही. म्हणून त्यांच्या फाइली मोठ्या असतात.

आईबाबांनो, घरात आजोबांचा एकुलता एक जुना फोटो आहे ना? तो इंचाला ६०० ठिपके ठेवून स्कॅन करून घ्या. दोन इंची फोटोचे १२०० ठिपके होतील. चार इंची सुबक प्रत सहज निघेल. तो टिफ किंवा पीएनजीत साठवा. मुलांनो, कापाकापी, रंगरंगोटी काय ती नकलेवर करा. मूळ फाइलीला मात्र हात लावायचा नाही. कबूल?